माझ्या आवाजाने केलेला प्रचार

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, पण माझा आवाज काही निवृत्त झाला नाही. मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि सोलापुरातल्या असंख्य कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलं. सत्कार, पुण्यतिथ्या, रक्तदान शिबिरं, चादरींची प्रदर्शनं. लोक मला चेहऱ्याने ओळखायचे नाहीत, पण भाजीवालीकडे मी "मेथी कशी दिली" विचारलं, की मागे उभी असलेली बाई हमखास वळून बघायची. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. कानडी घरातल्या माणसाचे ण आणि ळ मुळातच पक्के असतात, त्यात मी व्याकरणाची शिक्षिका. तेव्हा या दोन अक्षरांच्या बाबतीत मला जरा गर्वच होता, हे कबूल करते.

निवृत्तीनंतर कार्यक्रम कमी झाले. मग मी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दीड मिनिटाचा सुविचार माझ्या आवाजात पाठवू लागले. दोन वर्षं, एकही खाडा नाही. "हे ऐकतं कोण?" असं एकदा आमच्या ह्यांनी विचारलं होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. कुणीतरी ते फार लक्ष देऊन ऐकत होतं, हे कळायला महापालिकेची निवडणूक यावी लागली.

आमच्या प्रभागात खरी लढत दोघांत होती. एक आमचे माजी नगरसेवक. त्यांनी आधीच्या दोन कारकिर्दींत सभागृहात एकदाच तोंड उघडलं होतं, तेही जांभई द्यायला, असं लोक सांगायचे. दुसरी होती माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील यंत्रमागावर कामाला होते. घरात तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी असं बोलत ती वाढली, पुढे वकील झाली. पण कोर्टातल्या कामापेक्षा तिचा जास्त वेळ गल्लीतल्या बायकांचे अर्ज लिहिण्यात जायचा. रेशनचे, पेन्शनचे, चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळाचे. त्या बायकांनीच तिला उभं केलं होतं.

प्रचार सुरू झाला आणि चमत्कार घडू लागले. आमचे माजी नगरसेवक अचानक तेलुगूत बोलायला लागले. पूर्व भागातल्या फोनांवर त्यांचा व्हिडिओ आला. पांढरा सदरा, हात जोडलेले, आणि तोंडातून नळ सुटावा तशी तेलुगू. दोन दिवसांनी कानडी आली. मी ती लक्ष देऊन ऐकली. टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांची असते तशी इस्त्रीची कानडी होती. या माणसाला समोरासमोर मराठीतली तीन वाक्यं सलग जोडता येत नव्हती.

आठवड्याने त्यांचे वडील आले. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. व्हिडिओत ते ढगांत उभे होते, मागून उजेड येत होता आणि ते म्हणत होते, "माझ्या मुलाला भरघोस मतांनी निवडून द्या." त्या गृहस्थांना मी चांगली ओळखत होते. एका सत्काराच्या कार्यक्रमात त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, की या पोराला मी दोनदा घराबाहेर काढलंय. वर गेल्यावर त्यांचं मत बदललेलं दिसलं. मी खूप हसले आणि तो व्हिडिओ चार ग्रुपवर पाठवला. खाली हसण्याची सहा चित्रं लावली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझ्यावर वेळ आली तेव्हा लोकांनी नेमकं हेच केलं, आणि मला फार राग आला.

मतदानाला चार दिवस उरले होते. सकाळी आमचे हे फिरून आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले.

"तू बोललीस ते बोललीस," ते म्हणाले, "पण मला आधी सांगायचं तरी."

"काय बोलले मी?"

त्यांनी फोन पुढे धरला. मी बोलत होते. माझाच आवाज, माझीच थांबायची लकब, वाक्याच्या शेवटी श्वास घ्यायची माझीच सवय. "नमस्कार, मी तुमची बाई बोलतेय. जी मुलगी आज तुमच्याकडे मतं मागतेय, ती माझी विद्यार्थिनी. परीक्षेत कॉपी करताना मी तिला स्वतः पकडलं आहे. जिचं शिक्षन असं झालं, तिच्या हाती प्रभाग देऊ नका."

खरं सांगायचं तर मी पहिलं वाक्य बोलले ते असं, "मी 'शिक्षन' म्हणेन का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे बाकीचं बोललीस?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना माझा आवाज ओळखता येतो याचं मला कौतुक वाटायचं. त्या दिवशी त्याचाच वैताग आला. शेवटी त्यांना पटलं, पण ते माझ्या शपथेने नाही. ते म्हणाले, "अर्ध्या मिनिटात संपलंय, म्हणजे तू नसणारच."

बाहेर पडले तर दुकानदारापासून धुणंवालीपर्यंत सगळे माझं अभिनंदन करत होते, नाहीतर तोंड फिरवत होते. मी म्हणायचे, तो मी नव्हे, यंत्राने बनवलाय आवाज. ते मान हलवायचे. किराणा दुकानदार समजुतीने म्हणाला, "बाई, आता बोललाव तर बोललाव. माघार कशाला घ्यायलाव?" समोरच्या शिवणकामवालीने तर मला बाजूला घेतलं. "हौ बाई, दबाव आया होंगा, मैं समझती. पर आवाज तो तुमाराच है."

आवाज माझाच होता. तेच तर सांगता येत नव्हतं.

तक्रार करायला मी निवडणूक कार्यालयात गेले. टेबलामागचा कारकून सज्जन माणूस होता. त्याने क्लिप तीनदा ऐकली.

"आवाज तुमचाच आहे ना मॅडम?"

"आवाज माझा आहे, पण बोलले मी नाही."

"मग कोण बोललं?"

"कुणीच नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. फॉर्मवर 'तक्रार कोणाविरुद्ध' असा रकाना होता आणि त्यात 'कुणीच नाही' लिहिता येत नव्हतं. शिवाय मूळ प्रत जोडायची होती. मी म्हटलं, जे मुळात बोललंच गेलं नाही त्याची मूळ प्रत कुठून आणू. तो म्हणाला, ते खरंय, पण सोबत दोन झेरॉक्सही लागतील. त्याने मला सायबर शाखेकडे पाठवलं. तिथे तक्रार नीट लिहून घेतली, पोचही दिली, आणि तपासाला वेळ लागतो असं सांगितलं. किती, असं विचारलं तर समोरचा माणूस म्हणाला, "निकालानंतर निवांत बघू."

तपासाचं म्हणाल, तर तो आमच्या दुकानदाराने एका वाक्यात केला. "सात रस्त्याजवळ तो फोटोवाला हाय की. दुसरं कोण करणार हितं?" सगळ्या प्रभागाला माहीत होतं. फक्त तपास करणाऱ्यांना वेळ लागणार होता.

त्या फोटोवाल्याला मी ओळखत होते. पन्नाशीचा गृहस्थ. पूर्वी नवरानवरीच्या मागे धबधबा चिकटवून द्यायचा. माझ्या निरोप समारंभाचं शूटिंग त्यानेच केलं होतं. मी दुकानात शिरले तर तो उठून उभा राहिला, स्टूल पुसलं आणि चहा मागवला. त्याला काही लपवायचं आहे असं वाटलंच नाही.

"बाई, कशी झालीय क्लिप?" त्याने विचारलं. "तुमचा आवाज लई क्लिअर. दोन वर्षांचं सगळं होतं ग्रुपवर. बाकीच्यांचे आवाज घेतले की मागं कुकरची शिट्टी येते."

"तुला लाज नाही वाटली?"

तो खरोखर दुखावला. "बाई, कोर्टाबाहेर टायपिंगवाला बसतो, त्याला कोण विचारतं का अर्जात काय लिवलंय म्हणून? मजकूर त्यांचा. मी फकस्त आवाज लावतो. त्या ढगातल्या आजोबांना तर मी दाढीपण नीट करून दिली."

"ते पुसून टाक."

त्याने माझ्यासमोर पुसलं. मग म्हणाला, "पण आता ते माझ्याकडं न्हाईच. सगळ्यांकडं हाय." आणि मी उठले तेव्हा वही पुढे सरकवत अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "ते 'ण' कसं काढायचं बाई? मशीन तिथं अडकतं. पुढच्या टायमाला नीट करतो."

मी वही परत सरकवली आणि बाहेर पडले. मला त्याचं 'शिक्षन' दुरुस्त करावंसं वाटलं होतं, इतकी सवय वाईट.

संध्याकाळी माझी विद्यार्थिनी आली. स्कूटी फाटकाशी लावून आत येऊन बसली. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"बाई, तुम्ही खरंच बोलला नाहीत ना?"

दिवसभर इतक्या लोकांनी विचारलं होतं, पण तिच्या त्या 'ना'ने मला उभ्या उभ्या खाली बसवलं. ती का विचारतेय हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. त्या क्लिपमध्ये मला सगळ्यात जास्त झोंबलेली गोष्ट 'शिक्षन' नव्हतीच.

ती नववीत होती तेव्हा मी वर्गाला निबंध लिहायला दिला होता. तिने आपल्या वडिलांच्या यंत्रमागावर लिहिला. मागाच्या धोट्याचा आवाज थांबला की घरात कुणाला झोप येत नाही, असं त्यात एक वाक्य होतं. मी तो निबंध वाचला आणि वर्गात तिला उभं केलं. "हे कुठून उतरवलंस?" ती म्हणाली, मी लिहिलंय. मी म्हटलं, "तुझ्या घरात मराठी बोलत नाहीत, आणि असं मराठी तुला येतं?" चाळीस मुली हसल्या. पुढच्या आठवड्यात मी तिला समोर बसवून दुसरा निबंध लिहायला लावला, तो पहिल्यापेक्षा चांगला निघाला. मी त्यावर दहापैकी नऊ गुण दिले आणि विषय संपवला. माफी मागायची असते हे मला सुचलं नाही. माझ्याही माहेरी मराठी बोलत नव्हते, हे तर मुळीच आठवलं नाही.

त्या चाळीस मुलींपैकी कुणीतरी, कधीतरी, कुणाला तरी हे हसत सांगितलं असणार. तिथून ते माजी नगरसेवकांपर्यंत पोचलं. बाकीचं यंत्राने केलं. निबंधाच्या जागी परीक्षा आली, आणि माझी चूक तिची झाली.

"नाही बोलले," मी म्हटलं. "पण तेव्हा जे बोलले होते, त्याबद्दल मला माफ कर."

समोर तसंच ठेवलेलं पाणी तिने उचलून प्यायलं. मग म्हणाली, "माझे लोक म्हणतायत, आपणपण त्यांची एक काढू. तो फोटोवाला आपलंपण करून देतो म्हणे. तुमचाच आवाज घेऊन, उलटं बोलणारा." तिने माझ्याकडे बघितलं. "मी नको म्हटलं. पण तासभर विचार केला, हे तुमच्यापासून लपवत नाही."

"मग मी स्वतःच येते," मी म्हटलं. "चालत."

पुढचे दोन दिवस, प्रचार थांबेपर्यंत, मी तिच्याबरोबर दारोदार फिरले. कडक ऊन, धूळ, पुढे हलगी, मागे भोंगे. प्रत्येक दारात मी तेच सांगत होते. तो आवाज खोटा आहे. मी हिला कधी कॉपी करताना पकडलं नाही. उलट मीच हिच्यावर एकदा खोटा आळ घेतला होता, चूक माझी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या, आपली चूक लोकांच्या उंबऱ्यावर उभं राहून सांगण्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या दहा घरांत जीभ जड झाली, नंतर सरावली.

त्याचा परिणाम मात्र मला हवा होता तसा झाला नाही. एक काकू सगळं ऐकून शेजारणीला म्हणाल्या, "म्हंजी कॉपीचं कायतरी होतं म्हणायचं." त्यांनी सबंध गोष्टीतून तेवढा एकच शब्द उचलला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा घसा बसला. साठीनंतरचा घसा, दोनशे घरं. आवाज निघायचा तो फुटक्या पिपाणीसारखा. एका घरात म्हातारी आणि तिची सून दारात आल्या. मी सांगू लागले, तशी सुनेने फोन काढला, आधी क्लिप लावली, मग मला म्हणाली, "आता तुमी बोला." मी बोलले. दोघींनी पुन्हा क्लिप ऐकली. पुन्हा मला बोलायला लावलं. मग म्हातारीने निकाल दिला.

"ह्या नव्हं त्या बाई. खऱ्या बाई फोनात हायत."

माझी विद्यार्थिनी मध्ये पडली, "आजी, याच त्या. मला शिकवलंय यांनी."

"तू तर म्हणणारच की," म्हातारी म्हणाली. "तुलाच तर पकडलं होतं."

गल्लीच्या कोपऱ्यावर येईपर्यंत आम्ही दोघी गंभीर होतो. तिथे तिला हसू फुटलं आणि मग मला. आमच्यामागे भोंग्यावर माजी नगरसेवकांची कानडी चालू होती.

ती हरली. फार नाही, पण हरली. क्लिपमुळे हरली की नसती तरी हरली असती, हे मला सांगता येणार नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. गुलालात न्हालेले आमचे नवे-जुने नगरसेवक मिरवणुकीत माझ्या दारावरून गेले तेव्हा त्यांनी वाकून नमस्कार केला. "बाई, तुमचे आशीर्वाद कामी आले," ते म्हणाले. सायबर शाखेकडून अजून काही आलेलं नाही. पोच मी जपून ठेवली आहे.

दोन महिन्यांनी पाण्याने कहर केला. सहा दिवस नळ कोरडा. बायका हंडे घेऊन नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयावर गेल्या, मीही गेले. मी नगरसेवकांपासून चार हातांवर उभी होते. ते बायकांना म्हणाले, "मतं दिली म्हणून मी काय तुमच्या घरचा पाणक्या झालो? जा, त्या वकिलिणीला सांगा, ती काढंल विहीर." पुढे आणखी दोन शब्द होते, ते मी लिहिणार नाही. एका बाईने हे सगळं फोनवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

नगरसेवक अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी निवेदन काढलं, की हा व्हिडिओ एआयने बनवलेला आहे. आपल्या शहरातल्या आदरणीय बाईंवर निवडणुकीत जो प्रसंग गुदरला, तोच आज माझ्यावर गुदरला आहे. निवेदनात माझा फोटो होता. मतदानापूर्वी ज्याला ती क्लिप खोटी आहे हे कुणी सांगूनही पटत नव्हतं, त्या प्रभागाला ती खोटी असल्याचं आता एका दिवसात पटलं. आणि ते पटलं म्हणून पाठोपाठ हा खरा व्हिडिओही खोटा ठरला. तिथे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बायका सोडल्या, तर सगळ्यांसाठी.

एवढ्यावर थांबतील तर ते पुढारी कसले. त्यांनी 'बनावट चित्रफितींपासून सावधान' असा जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला आणि त्यात माझा सत्कार. शाल, श्रीफळ, पीडित म्हणून. आमचे हे म्हणाले, जाऊ नकोस. मी गेले. शूटिंगला तोच फोटोवाला होता, त्याने लांबून नमस्कार केला.

शाल घेतली नाही. माइक घेतला.

"निवडणुकीतली माझी क्लिप खोटी होती," मी म्हटलं. "पाण्याचा व्हिडिओ खरा आहे. मी तिथे उभी होते. साहेब जे बोलले ते मी या कानांनी ऐकलं."

सभागृहात चार-पाच जणांनी सवयीने टाळ्या वाजवल्या, मग आपण कशाला टाळी वाजवली ते लक्षात येऊन थांबले. नगरसेवकांनी हसत माइक घेतला आणि म्हणाले, "बाईंचं वय झालंय. खऱ्या-खोट्याचा गोंधळ आता कुणाचाही होतो." कार्यक्रमाच्या अधिकृत व्हिडिओत माझं भाषण नव्हतं. एका शिक्षिकेने फोनवर घेतलेलं फिरलं, आणि त्याखाली पहिलाच प्रश्न होता, हे ओरिजनल आहे का.

मी सुविचार पाठवणं बंद केलं. ज्याला काही विचारायचं असेल त्याने घरी यावं असं ग्रुपवर लिहिलं. आठवडाभरात चार जणी आल्या. चौघींना समोर बसवून सगळं सांगितलं, चौघींनी चहा घेतला. इतक्या मोठ्या प्रभागात चार.

मग नळ पुन्हा कोरडे पडले, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने पाण्याचा अर्ज लिहिला. बायकांनी सह्या केल्या, काही मराठीत, काही तेलुगूत, काही उर्दूत, काही अंगठे. आम्ही तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नेला, सोबत कोरड्या नळांचे फोटो. तिथला साहेब फोटो बघून म्हणाला, "हे चालायचं नाही. हल्ली फोटोंचा भरवसा नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मग चला की, दाखवते."

तो काही कारण काढणार, तेवढ्यात तीस बायका दारात उभ्या होत्या. त्याला गाडी काढायलाही वेळ मिळाला नाही, त्याला चालतच यावं लागलं. एकेका अंगणात त्याने वाकून नळ फिरवला, तोटीखाली हात धरला आणि वहीत लिहिलं. सातव्या घरी त्याने स्वतःच प्यायला पाणी मागितलं. घरच्या बाईने हंडा उपडा करून दाखवला आणि म्हणाली, "हे तरी खरं हाय ना साहेब?"

त्याने तेही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस मिनिटं पाणी आलं.